अकराव्या तुकड्याला नऊ

"अकरावा तुकडा पुन्हा एकदा लावू का?" ती मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की माझं काहीतरी चुकलंय. तीस वर्षं टेलिफोनवर बसलेल्या बाईला एवढं कळतंच. माणूस "पुन्हा एकदा" म्हणतो तेव्हा त्याला पहिलं उत्तर पटलेलं नसतं. मी म्हटलं, लाव. पाठ दुखत होती. हॉस्पिटलातली सकाळची पाळी संपवून मी तशीच ह्या विद्यापीठात आले होते, आणि आठ तास कानावर असलेला हेडफोन काढून दुसरा, जास्त जाड हेडफोन घातला होता, एवढाच काय तो पालट. तिने तुकडा लावला. सावकाश चालणारी तंतुवाद्यं, त्यांच्या खाली एक घोगरं वाद्य एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतंय, मग सगळी थांबतात आणि एकच वाद्य एकटं वर चढत जातं. "आता सांगा. आनंद, दुःख, भीती की शांती? आणि दहापैकी किती?" मी मघाशी सांगितलं होतं तेच सांगितलं. आनंद, नऊ. तिची पेन्सिल चालली नाही. "हे नियमात बसत नाही," ती म्हणाली, "पण विचारते. आनंद का वाटला?" का म्हणजे काय, मी म्हटलं, भेट झाली की असंच वाजतं. हरवलेलं माणूस सापडलं की. तिने पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "मावशी, हे सिनेमात कुणी मेलं की वाजतं. ह्या खुर्चीत आत्तापर्यंत चाळीस जण बसले, त्यातले वीस तुमच्यासारखे. चाळिसांनीही दुःख सांगितलंय." तोपर्यंत मी मॅडम होते, तिथून पुढे मावशी झाले.

तिचा विषय असा होता की ज्यांना दिसत नाही त्यांना संगीत ऐकून काय वाटतं आणि ज्यांना दिसतं त्यांना काय वाटतं. त्यासाठी तिने जी खोली निवडली होती तिच्या भिंतींना, छताला, दारालासुद्धा स्पंज लावला होता. बाहेरचा आवाज आत येत नाही, म्हणाली, अगदी अभिमानाने. आणि आतला आवाज भिंतीला लागून परत येत नाही, ते तिला कुणी सांगितलं नसावं. मला खोली कळते ती पावलांमुळे, खुर्ची सरकवण्यामुळे, खोकल्यामुळे. भिंत किती लांब आहे, कोपरा कुठे आहे, समोर कपाट आहे की माणूस, हे आवाज परत येऊन सांगतो. तिथे काहीच परत येईना. दीड वर्षाची असताना तापात माझे डोळे गेले, त्यानंतर खिडकी कुठे आहे एवढंच त्यांना कळतं, पण मी स्वतःला कधी आंधळी समजले नाही. त्या खोलीत पहिल्यांदा समजले. त्या मुलीला मी हे सांगितलं नाही. ती मन लावून काम करत होती आणि माझ्या अंगात समजावून सांगायचं बळ उरलं नव्हतं. एकूण चोवीस तुकडे होते. त्यातल्या आठ ठिकाणी माझी उत्तरं जगाच्या उलट निघाली. लग्नात वाजावं तसं पितळी वाद्यांचं, ढोलांचं, धूमधडाक्याचं जे काही होतं त्याला मी भीती, सात असं सांगितलं होतं. निघताना तिने आभार मानले आणि आठवण म्हणून एक छान पेन दिलं.

लोकांची एक ठाम समजूत असते. डोळे नाहीत म्हणजे कान दुप्पट, आणि कान दुप्पट म्हणजे गाणं आमच्यापेक्षा खोल कळत असणार. हॉस्पिटलातला लिफ्टवाला मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो, देव एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो. मी म्हणते, बाबा रे, त्या दुसऱ्या हाताची वाट बघून मी दमले. माझ्या वाट्याला आलेलं संगीत म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या फोनवरची ती धून. कुणाला वॉर्डात जोडून द्यायचं असलं की "थांबा हं" म्हणायचं आणि कळ दाबायची, की ती त्याच्या कानात वाजू लागते. अडतीस सेकंद, मग एक खट्ट, की पुन्हा पहिल्यापासून. माणूस अजून आहे की फोन ठेवून गेला हे बघायला मी मधेमधे त्या लाइनीवर जाते, तेव्हा तीही ऐकू येते आणि तिच्या मागे त्याचा श्वासही. हाडांच्या वॉर्डाकडे जाणारा श्वास वेगळा असतो, अतिदक्षता विभागाकडे जाणारा वेगळा. धून मात्र सगळ्यांना तीच, पावसाच्या थेंबांसारखी टुणटुणणारी, कुणीतरी फार खुशीत बसवलेली. ती ऐकली की माझं उजवं मनगट दुखतं. आता ह्याला त्या मुलीच्या चार खान्यांतल्या कुठल्या खान्यात टाकायचं, हे मला खरोखरच सांगता आलं नसतं.

बस यायला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर कुणीतरी ओली छत्री ठेवून गेलं होतं, ती बाजूला करून मी बसले आणि विचार करायचा नाही असं ठरवलं. दमलेल्या माणसाने विचार करू नये, भलतेच पाय फुटतात त्याला. पण तो अकरावा तुकडा डोक्यातून जाईना. कारण तो मला माहीत होता. तोच असं नाही, त्याच्यासारखे. ते कुठे ऐकले होते तेही माहीत होतं. बाबा सिनेमाच्या थिएटरात दारावर होते. हातात टॉर्च घेऊन उशिरा आलेल्यांना जागा दाखवायची, हे त्यांचं काम. घरी आम्हाला बघायला कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की आम्ही दोघी बहिणी तिथेच. शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला लागून, एका घडीच्या खुर्चीवर ताई आणि तिच्या मांडीवर मी. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. त्या थिएटरात परभाषेतले सिनेमे लागायचे. ते लोक काय बोलतात ते कुणालाच कळायचं नाही, खाली अक्षरं उमटायची ती लोक वाचायचे. ती अक्षरं ताई वाचायची आणि माझ्या कानाला तोंड लावून सांगायची. तिच्या श्वासाला पेन्सिलीच्या लाकडाचा वास यायचा, कारण ती दिवसभर पेन्सिल चावायची. आता तो माणूस जिन्यावरून येतोय. आता तिने पत्र लपवलं. आता घोडा. मी विचारायचे, काय झालं गं, काय झालं, आणि ती सांगायची. एकेक सिनेमा तीन तीन आठवडे चालायचा, मला त्याचं संगीत पाठ व्हायचं, आणि कुठल्या सुराला काय घडतं तेही पाठ व्हायचं. दिसणाऱ्यांना तरी दुसरं काय असतं? डोळ्यांना रडणारं माणूस दिसतं आणि कानात ते सूर जातात, असं शंभरदा झालं की पुढे नुसत्या सुरांनी गळा दाटतो. माझ्या बाबतीत डोळ्यांच्या जागी ताई होती, एवढंच.

सावकाश तंतुवाद्यं आली की ताई सांगायची, सापडली. किंवा, आला तो. किंवा, जवळ घेतलंय तिने त्याला. पडद्यावर माणसं हुंदके द्यायची, तर मी विचारायचे, मग रडतात का? ताई म्हणायची, "अगं, फार आनंद झाला की रडतातच, वेडे." शेजारच्या रांगेतल्या बायकाही नाक ओढायच्या. मला वाटायचं, किती चांगल्या आहेत ह्या बायका, दुसऱ्याच्या आनंदाने एवढ्या भरून येतात. आणि शेवटी जेव्हा पितळी वाद्यं दणदणायची, तेव्हा दिवे लागायचे, चारशे माणसं एकदम उठायची, खुर्च्यांच्या फळ्या धडाधड आपटायच्या, आणि ताई मला हाताला धरून ओढत न्यायची. माझ्या पायांवर पाय पडायचे, तोंडावर कुणाचं कोपर, कुणाच्या पिशव्या. ते संगीत कशाचं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण तोपर्यंत ताईचं सांगणं संपलेलं असायचं. आजही ते कुठे वाजलं की मी भिंत शोधते.

बस आली, एका बाईने मला हाताला धरून चढवलं, मी नको म्हणत असताना. बसल्यावर मला बाबांची आठवण आली, आणि ती यायला नको होती. बाबा गेले तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. निरोपाच्या वेळी थिएटरातल्या कुणीतरी टेप आणली होती, त्यांनी ती लावली, तंतुवाद्यंच होती, खाली घोगरं वाद्यही होतं. ज्या क्षणी ती सुरू झाली त्या क्षणी मला वाटलं, आले. बाबा आले. माझ्या छातीत एकदम हलकं झालं, दार उघडावं तसं. बाजूला ताई रडत होती, शेजारपाजारचे रडत होते आणि मी तिथे बसून आतल्या आत उमलत होते. मग मला इतकी शरम वाटली की मी दातांनी गाल चावला, रक्ताची चव आली. त्यानंतर जिथे जिथे असं वाजलं तिथे तिथे हेच झालं. हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर गेले तेव्हा सभागृहात, आमच्या पर्यवेक्षक बाईंचा मुलगा गेला तेव्हा त्यांच्या घरी. मी ठरवून टाकलं होतं की मी दगड आहे. काही माणसं असतात अशी, त्यांना देवाने डोळे दिले नाहीत आणि पाझरही दिला नाही. एकोणतीस वर्षं मी हे मनात धरून बसले होते, कुणाला, अगदी ताईलाही न सांगता. आणि आज एक पोरसवदा मुलगी मला सांगते की मी दगड नाही, मला चुकीचं शिकवलं गेलंय. खरं तर बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण बस जशी घराकडे येऊ लागली तसं ते बरं वाटणं मागे पडलं आणि दुसरंच काहीतरी पुढे येऊन बसलं, ज्याला मी इतकी वर्षं नीट झाकून ठेवलं होतं.

रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस होता. बाबा गेल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमचा रेडिओ बिघडला म्हणून तो आला. मग पुन्हा बिघडला म्हणून आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा रेडिओ बिघडलेला नव्हता. कमी बोलायचा, आणि बोलला की वाक्य पुरं करायचा. टेलिफोनवर बसून मला कळलं आहे की हा गुण फार थोड्यांत असतो. त्याच्या बोटांना तापलेल्या धातूचा वास यायचा. चौथ्यांदा आला तेव्हा साबणाचा वास आला, आणि ताईने न विचारताच चहा टाकला. मला लग्न करायचंय हिच्याशी, तो म्हणाला, ताईला उद्देशून पण मला ऐकू जाईल असं. तुम्ही दोघी विचार करा, मी रविवारी येतो. रेडिओ चालू होता. तेवढ्यात त्याच्यावर एक गाणं लागलं, आधी नुसती वाद्यं, सावकाश, खालून घोगरी. मला काय माहीत. मला वाटलं, बघा, रेडिओलासुद्धा कळलं. मी हसले. लाजून वगैरे नाही, चांगलं तोंडभरून हसले, मला आठवतंय, गाल दुखले होते. गाणं संपलं, तो उठला, येतो म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर मी ताईला विचारलं, त्याचं तोंड कसं होतं? हे मी नेहमीच विचारायचे. दुकानदाराचं, बाईंचं, नातेवाइकांचं. आवाज मला कळायचा, तोंड ताई सांगायची, आणि दोन्ही मिळून माणूस व्हायचा. ताई जरा वेळाने म्हणाली, "खरं सांगू? तुझ्याकडे बघवत नव्हतं त्याला. तू हसलीस ना, तेव्हा तर त्याने मान फिरवली. दया करतोय गं, चिमे. दयेवर का कुठे संसार होतात?" रविवारी तो आला तेव्हा मी स्वतःच नाही म्हटलं. तो दारातच उभा राहिला. मग "बरं" म्हणाला, आणि रेडिओला काही झालं तर सांगा, म्हणाला. रेडिओला काही झालं नाही. झालं तेव्हा आम्ही नवीन घेतला.

अठ्ठावीस वर्षं. ह्यात मी त्या माणसासाठी झुरले असं काही नाही, उगाच कशाला खोटं सांगू. पाळ्या केल्या, पेन्शनीच्या जवळ आले, ताई आणि मी दोन खोल्यांत एकमेकींच्या अंगवळणी पडलो. ती शिंप्याच्या दुकानासाठी बटणं लावते, मी फोन जोडते. रात्री दोघींचे हात दुखतात. पण त्या दिवशी बसमधून उतरताना एकच प्रश्न माझ्याबरोबर उतरला. जी सिनेमातली मेलेली माणसं मला जिवंत करून सांगत होती, तिने त्या खोलीतल्या माणसाचं तोंड तरी खरं सांगितलं होतं का? आणि हे मी कसं ओळखणार? लोकांचा खोटेपणा मी चटकन ओळखते. नर्स म्हणते डॉक्टर राउंडला आहेत, आणि मला कळतं की डॉक्टर चहाला आहेत. खोट्याला एक घाई असते, शेवटचा शब्द जरा आधी पडतो. पण हे मला कळतं ते कशाच्या मानाने? खरं कसं वाजतं हे मी कुणाच्या आवाजावरून शिकले? ताईच्याच. तिचा आवाज हे माझं माप होतं, आणि माप खोटं असेल तर ते कशाने मोजायचं? जिन्यावर मी तीनदा थांबले. न विचारता राहू शकले असते. इतकी वर्षं राहिलेच होते. एकसष्ट वर्षांच्या बाईला, जिने आपलं आयुष्य माझ्या हाताला धरून काढलं, तिला जाऊन काय विचारायचं, तू लबाड आहेस का? आणि ती हो म्हणाली तर उद्यापासून भाजीवाल्याचं तोंड कसं आहे ते मला कोण सांगणार होतं?

ताई खिडकीपाशी बसली होती. संध्याकाळचा उजेड असेपर्यंत ती तिथेच बसते, तिला आता दिव्यात सुई दिसत नाही. बटणांच्या डब्याचा खुळखुळ आवाज आला आणि थांबला. "उशीर केलास," ती म्हणाली. "काय केलं त्यांनी? डोक्याला तारा लावल्या?" मी चपला काढल्या, काठी कोपऱ्यात उभी केली आणि पेन तिच्या हातात दिलं. ती खो खो हसली. "आंधळीला पेन! हुशार आहेत हो लोक. चांगलं आहे पण." मग मी तिला अकराव्या तुकड्याचं सांगितलं. चाळीस जण एकीकडे आणि मी एकीकडे, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, नाहीतर आठवत नाही म्हणेल. ताई पुन्हा हसली, पण आता जरा कमी.

"अगं, मग काय सांगणार होते मी? आई जाऊन महिना झाला नव्हता. बाबा आपल्याला घेऊन गेले कामावर, आणि नेमका तसला सिनेमा. पडद्यावर बाई पडलीय अंथरुणात, पोरगा जवळ बसलाय. बाई मेली. तू विचारलंस, काय झालं, ताई काय झालं. सहा वर्षांची होतीस. मी म्हटलं, सापडली त्याला आई. तू जी काय टाळी वाजवलीस! बाबा टॉर्च घेऊन धावत आले, गप्प बसव हिला म्हणून. मग पुढच्या सिनेमात कसं मारायचं कुणाला? सवयच लागली मला. रात्री झोपताना मी दुसऱ्या दिवशीचं जुळवून ठेवायचे, हा मेला तर काय सांगायचं, ती मेली तर काय सांगायचं. तेरा वर्षांची होते गं मीही."

तिने दाताने दोरा तोडला. मला वाटलं, हिला काही विचारू नये. तेरा वर्षांची पोर, आई गेलेली, अंधारात बसून धाकटीसाठी मेलेल्यांना उठवतेय, आणि हिच्यासाठी कुणी उठवत नाहीये. मला तिची इतकी माया आली की मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि हात तिथे असतानाच माझ्या तोंडून गेलं, "आणि रेडिओवाल्याचं?"

सुई थांबली. सुई थांबल्याचा आवाज नसतो असं लोकांना वाटेल. हातातल्या सदऱ्याची बाही मांडीवरून घसरली, तिच्यावरचं कुठलं तरी बटण खाली पडलं, घरंगळत पलंगाखाली गेलं, आणि ते उचलायला ताई उठली नाही. "त्याचं काय?" ती म्हणाली. मी म्हटलं, "त्याने मान फिरवली होती का?"

खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी. माझ्या हाताखाली तिचा खांदा वर आला आणि खाली गेला. "नव्हती फिरवली," ताई म्हणाली. "तो बघत होता. कप हातात धरून बसला होता, आणि ते रडकं गाणं लागलं, आणि तू आपली हसलीस. असं रडकं गाणं आणि तू अशी हसतेस. त्याचं तोंड असं काही झालं, चिमे, की मला ते बघवेना. मी कुणाला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. सिनेमातसुद्धा नाही. माझ्याकडे तर कुणी... ते जाऊ दे. मान मी फिरवली होती."

"का सांगितलंस मग तसं?"

"तू गेली असतीस."

मी हात काढून घेतला. राग आला, नाही कसा येणार, असा आला की कानशिलं तापली. ह्या बाईला आत्ता सोडून जावं, काठी घ्यावी आणि जिना उतरावा, कुठेही जावं. एक घर, एक माणूस, कदाचित मुलंबाळं, त्याच्या बोटांचा तो वास, हे सगळं हिने एका वाक्यात पुसलं होतं. मी उभीच राहिले. ताई रडत नव्हती, माफीही मागत नव्हती. आणि तशी उभी असताना, रागाच्या ऐन भरात, मला दुसरी गोष्ट सुचली. मी तिला काय विचारलं होतं? शब्द वेगळे होते, पण काय झालं होतं, ताई, काय झालं, हेच विचारलं होतं. घाबऱ्या आवाजात, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मी असं विचारलं की ताई काय करते हे मला आजच कळलं होतं. त्याने खरोखरच मान फिरवली असेल तर? एक साधा माणूस, दयेने आलेला, आंधळी मुलगी रडक्या गाण्याला खदखदून हसते हे बघून बिचकलेला. आणि आज, अठ्ठावीस वर्षांनी, चोपन्न वर्षांची मी दारातून आत येते आणि विचारते, तेव्हा ताईजवळ देण्यासारखं काय असतं? एक माणूस, कप हातात धरून माझ्याकडे बघणारा. त्यासाठी दोष स्वतःवर घ्यावा लागला तर तो घेईल ती. ती तेराव्या वर्षापासून हेच करत आलीये.

मी तिचं वाक्य मनात पुन्हा वाजवून पाहिलं, टेलिफोनवरच्या माणसांची वाक्यं वाजवते तसं. घाई नव्हती. शेवटचा शब्द आधी पडला नव्हता. तू गेली असतीस. अडखळ कुठेच नव्हती. ते खरं होतं, किंवा ताई थिएटरातल्यासारखं सांगत होती. मला ह्यातलं काहीही कधीच कळणार नव्हतं, आणि तिला पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता, कारण पुन्हा विचारलं तर तिने पुन्हा सांगितलं असतं. मला फार थकल्यासारखं झालं. राग होता, पण तो कुणावर ठेवायचा ते कळेना.

खिडकीचा उजेड माझ्या डोळ्यांतून जवळजवळ गेला होता. ताई तशीच बसली होती, हातातलं काम न करता, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

"कप खाली ठेवला का मग त्याने?" मी विचारलं.

ताईने थोडा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "बराच वेळ हातातच होता."

मी स्वयंपाकाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढत नेली, तिच्या खुर्चीला लावली आणि तिच्या तोंडाशी कान नेऊन बसले. "सांग," मी म्हटलं.